पावडर खात्यातलं मतदान

आमच्या खात्यात दुपार पांढरी असायची. अंबरनाथच्या एमआयडीसीत अंगाला लावायची पावडर बनवणारी कंपनी होती आणि आम्ही तिथे डबे भरायच्या लाइनवर. सकाळी आत शिरताना प्रत्येक बाई आपापल्या रंगाची असे. दुपारपर्यंत भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या, सगळं पांढरं. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली की तिच्यात गुलाबाच्या वासाची धूळ इतकी सावकाश फिरायची, की बघता बघता मशीनचा आवाजसुद्धा लांब कुठेतरी गेल्यासारखा वाटायचा. पट्ट्यावरून डबे येत राहायचे, हात झाकणं बसवत राहायचे आणि मी ढगात बसलेली असायची. ढगात बसायचा पगार घेणाऱ्या बायका जगात किती असतील? आम्ही होतो. फक्त त्या ढगातही दोन वर्ग होते.

निळ्या एप्रनच्या पर्मनंट आणि पिवळ्या एप्रनच्या हाफवाल्या. पर्मनंट दिवसभर, आम्ही सकाळपासून दुपारच्या भोंग्यापर्यंत. वेळ अर्धी म्हणून पगार अर्धा, इथवर कोणाची तक्रार नव्हती. पण आमचा तासाचा दरच मुळात त्यांच्या निम्म्यावर होता. पट्टा एक, डबा एक, झाकण एक. तरी शेजारच्या निळ्या बाईने बसवलेलं झाकण महाग आणि माझं स्वस्त. मी कधी कधी दोन्ही झाकणं उजेडात धरून बघायची. फरक काही सापडला नाही.

पट्ट्याच्या पलीकडे, माझ्या अगदी समोर, चामटोलीहून येणारी एक वहिनी उभी असायची. तीही हाफवाली, माझ्याही आधीपासूनची. तोंड उघडलं की पावडर आत जायची, म्हणून आम्ही सगळ्या ओठ न हलवता बोलायला शिकलो होतो. सुपरवायझरला वाटायचं, बायका किती शांत आहेत! आणि इकडे आमच्या सासवा, नणंदा, खरवईच्या नव्या बिल्डिंगींमधली भांडणं, सगळं बंद ओठांतून पट्ट्यावरून इकडून तिकडे चाललेलं असायचं.

असंच एकदा वहिनीने ओठ न हलवता सांगितलं, "बाय, या टायमाला नाय झालं तर मी चालले."

"कुठे?"

"उल्हासनगरला, कॅम्पात. जीन्सचे धागे कापायला. माझ्या जावेची बहीण जाते तिथं."

"आणि माझ्यासमोर कोण उभं राहणार?"

"खांब हाय ना मागं. त्याच्याशी बोल."

माझ्या हातातलं झाकण वाकडं बसलं.

'या टायमाला' म्हणजे नव्या कराराच्या वेळी. युनियनने मागण्यांत आमचा दर घातला होता: तासाला सगळ्यांना सारखे पैसे. कंपनीने गोड हसून निरोप पाठवला, पर्मनंटना वाढ देतो, हाफवाल्यांचा मुद्दा सोडा. आता पर्मनंटनी ठरवायचं होतं. वाढ खिशात घालून गप्प बसायचं, की आमच्यासाठी संपावर जायचं? मत फक्त त्यांना. आम्ही युनियनचे सभासदच नव्हतो. आमचं नशीब ठरताना आम्हाला बघायला मात्र परवानगी होती, भिंतीला टेकून.

मतदान जेवणाच्या सुट्टीत, खात्यातच. आणि नेमका त्या दिवशी धूळ ओढून घेणारा मोठा पंखा बंद पडलेला. काय सांगू! समोरचा माणूस सावलीसारखा दिसत होता. निळे एप्रन पांढरे, पिवळे एप्रन पांढरे, एका माणसाच्या मिश्या तेवढ्या अधांतरी तरंगत होत्या, त्याही पांढऱ्याच. युनियनचे सेक्रेटरी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढले. भाषणाची त्यांना भारी हौस. "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणायला तोंड उघडलं आणि पहिल्या वाक्यातच ठसका लागला. तरी त्यांनी भाषण सोडलं नाही. शेवटी म्हणाले, "संपाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर!"

त्याच क्षणाला दुपारचा भोंगा झाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भोंगा झाला की हाफवाल्यांची सुट्टी. सुट्टी झाली की दारात सिक्युरिटीची बाई यायची, "चलो, हाथ ऊपर!" म्हणायची आणि आम्ही ओळीने दोन्ही हात वर करून उभ्या राहायचो. मग ती आमच्या कमरेला, ओच्याला चाचपून बघायची, कुठे डबा लपवलाय का. रोजचं होतं. इतकं रोजचं, की भोंगा ऐकला की हात आपोआप वर जायचे. तिने यायचीही गरज नव्हती.

तर सेक्रेटरी म्हणाले हात वर, भोंगा वाजला, आणि त्या धुक्यात भिंतीपाशी अचानक हातांचं रान उगवलं. पांढरे, हलणारे, दोन-दोन.

सेक्रेटरी मोजायला लागले. मोजता मोजता त्यांचा चेहरा फुलत गेला, मग गोंधळला. "आपण एवढे झालो कधी?"

मिक्सरवरचे एक काका होते, पर्मनंट, रिटायर व्हायला आलेले, संपाच्या पक्क्या विरोधात. ते गरजले, "ओ सेक्रेटरी, हाफवाल्यांचे हात मोजताय तुम्ही! आणि एकेकीचे दोन-दोन!"

"मग वेगळ्या करून दाखवा कोण कुठली ते!"

काका तरातरा भिंतीपाशी आले आणि वहिनीसमोर उभे राहिले. "काय गं, दोन मतं देतेस?"

"मत नाय काका," वहिनी म्हणाली. हात अजून वरच. "झडती हाय."

"कसली झडती?"

"आमची. रोज असते. डबे चोरतो ना आम्ही."

"आणि आमची का नाही मग?"

"ते तुम्ही सांगा."

पर्मनंट संध्याकाळी सुटायचे, आम्ही दुपारी, ते कॅन्टीनमध्ये जेवत असताना. इतकी वर्षं एका पट्ट्यावर उभं राहून त्यांनी आमचं घरी जाणं कधी पाहिलंच नव्हतं. दारातली सिक्युरिटीची बाई एवढ्या नजरा अंगावर आल्यावर कावरीबावरी होऊन म्हणाली, "मेरे को जो बोला वो मैं करती." आम्ही हात खाली घेतले. सगळ्यांत शेवटी वहिनीने.

मग पुन्हा मतदान. आम्हाला दाराबाहेर जायला सांगितलं, पण आम्ही दारातच थांबलो. सेक्रेटरींचा आवाज बसला होता. मोजायला काका पुढे झाले, म्हणाले, "तुमच्या मोजण्यावर विश्वास नाही."

काकांनी स्वतः हात वर केला, असं सांगायला मला फार आवडलं असतं. ही गोष्ट सांगताना एक-दोनदा मी तो वर करूनही टाकलाय, लोकांना आवडतं. पण नाही केला. एक हात पाठीमागे घट्ट ठेवून, दुसऱ्या हाताच्या बोटाने ते एकेका पांढऱ्या माणसाकडे जाऊन मोजत राहिले, अगदी चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन. मग परत आले आणि कडू औषध घेतल्यासारखं तोंड करून म्हणाले, "संप."

धुकं हळूहळू खाली बसत होतं. वहिनीने विचारलं, "आता जेवायचं का जायचं?"

"आधी जेवा," काका म्हणाले.

नोटीस लागली, गेटबाहेर मंडप उभा राहिला. त्या मंडपात आम्ही पहिल्यांदा एकमेकींना भर दुपारी आपापल्या रंगात पाहिलं. समोरच्या वहिनीच्या हनुवटीवर गोंदण आहे, हे मला तिथे कळलं; सकाळच्या घाईत ते कधी दिसलंच नव्हतं. दुपारी वारा आला की कापड फुगायचं, आम्ही पेंगायचो, आणि कोणाला वाटायचं भोंगा झाला, कोणाला वाटायचं नाही झाला.

शेवटी कंपनीने मानलं. तासाचा दर सारखा झाला, झडती बंद झाली. पण आमची जुनी वर्षं काही धरली नाहीत. आजपासून सारख्या, कालपर्यंतच्या नाही. लाइन पुन्हा सुरू झाली त्या सकाळी वहिनी माझ्यासमोर उभी होती. मी ओठ न हलवता विचारलं, "अर्धंच मिळालं. जातेस का मग कॅम्पात?"

"नाय जात."

"का गं?"

तिने झाकण बसवलं, डबा पुढे सरकवला. "मी गेले तर उरलेलं मागंल कोण? तू? तू तर नुसत्या गोष्टी सांगत बसशील."