संगणकाच्या तोंडातली अक्षत

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "हो का?" एवढंच म्हणाले आणि निवडत राहिले... त्याला आता पाच आठवडे झाले. रडू आलं नाही. आपल्याला रडायचा हक्क तरी आहे का, हेच मुळी ठरत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. रत्नागिरीत आंबा बागायतदारांच्या एका संस्थेत मी तात्पुरती टायपिस्ट आणि सुलभाताई माझ्या वरिष्ठ. संस्थेने संगणक घेतला, त्याला स्वतंत्र खोली दिली. खाऱ्या हवेने यंत्र गंजेल म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद, चपला बाहेर, बोलायचं तेही हळू. आम्हा माणसांचे एवढे लाड कधी झाले नव्हते! खंडेनवमीला टाइपरायटर, तिजोरी, वजनकाटा, सगळ्यांची पूजा व्हायची. मग या नव्या पाहुण्याला कसं वगळणार? बाकीचे प्रसादाला गेले तेव्हा मी मागे राहून त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि भक्तिभावाने मूठभर अक्षता टाकल्या.

दसऱ्यानंतर बटण दाबलं. पंखा घरघरला, पडद्यावर हिरवी अक्षरं आली, की फ्लॉपी वाचता येत नाही. त्या यंत्राचा सगळा जीव फ्लॉपीत; ती वाचल्याशिवाय ते सुरूच होत नसे. "चालू झाल्याशिवाय दोघींनी बाहेर पडायचं नाही," असं बजावून साहेबांनी दार ओढून घेतलं. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात एसी आणि संगणक एकदम लावले की फ्यूज उडायचा, म्हणून एसी बंद. जीव नुसता घुसमटत होता. ताईंनी प्लग पाहिला, वायरी काढून परत बसवल्या, दुसरी फ्लॉपी घातली, तिसरी घातली. तेच. आणि मला अक्षता आठवल्या. महिन्याभरात मी कायम व्हायची होते, वडिलांची मुंबईतली गिरणी बंद, घरात पगार काय तो माझाच.

"ताई, मी ह्याच्यावर अक्षता..." मी म्हणाले.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. अंबाड्यातला आकडा काढला, फ्लॉपीच्या फटीत घालून अलगद फिरवला. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा बाहेर आला. फ्लॉपी घातली आणि यंत्र सुरू!

"खायला घालायचं तर तोंड बघून तरी घालावं गो," ताई हसल्या.

तेवढ्यात साहेब आत आले. दाणा टेबलावरच होता.

"हा उद्योग कोणाचा?"

"माझा," ताई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. टेबलाखाली त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं... आणि खरं सांगते, मला ते धरलेलं बरं वाटलं.

संगणकाचं काम त्यांच्याकडे जायचं होतं, ते माझ्याकडे आलं. त्यांची बदली सावर्ड्याच्या गोदामावर झाली. चार वर्षं आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायच्या, शनिवारी एसटीने घरी. मी त्या खिळे ठोकलेल्या खोलीत. दाराची कडी आतून होती, तरी मला काही बाहेर पडता आलं नाही. पुढे त्यांच्या घरी जायची, दर वेळी ठरवून जायची.

"ताई, त्या दिवशी..."

"चहा गार होतोय गो तुझा."

आणि मी चहा पिऊन परत यायची. कसली भित्री मी!

परवा खंडेनवमी झाली. घरच्या लॅपटॉपवर फूल ठेवलं, अक्षता उचलल्या आणि थांबले. वाटलं, ताई मनगट धरतील. कोणी धरलं नाही. तेव्हा ताई, आता सांगते, सगळ्यांना ऐकू जाईल असं : ती पूजा मी केली होती.