मामांचा हात

बेघरांच्या निवाऱ्यात रात्रीपुरता आसरा मिळे, पण आधी मामांच्या हाताखालून जावं लागे. मामा तिथले रखवालदार. संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून ते येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला हात लावत. थर्मामीटर होता, पण ज्याचा स्वतःच्या हातावर विश्वास नाही त्याच्यासाठी ते यंत्र, असं त्यांचं मत. कपाळ झालं की जीभ बघायची, मग गालावर प्रेमाची चापट. "जा, घोड्यासारखा आहेस." लगेच पुढचं कपाळ. मधे हात धुणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आपल्याला कधी साधी शिंकही आली नाही, असं ते शपथेवर सांगत.

त्यांचा हात फक्त ढासूच्या बाबतीत आखडता होता. जन्मभर गाद्यांचा कापूस पिंजून ढासूच्या छातीत कायमची ढास बसली होती. तो खोकला की मामा कपाळालाही हात न लावता त्याला मागच्या अडगळीच्या खोलीत धाडत. तिथे मोडक्या खाटा होत्या आणि कधीच न लागणारी खिडकी. ढासूला हवं होतं एवढंच, मोठ्या खोलीत चार माणसांत गप्पा हाणत पडायचं.

"मामा, हा धंद्याचा खोकला आहे. लागत नाही कुणाला."

"रोगी मी लांबून ओळखतो. मागे हो."

गावात साथ आली तेव्हा नर्सबाईंनी येऊन सगळ्यांच्या नाकात काडी घातली. दुसऱ्या दिवशी त्या तपासणीचा निकाल घेऊन पुन्हा आल्या.

"ढासू ना?" मामा म्हणाले. "सांगत होतो मी."

"ढासू सोडून सगळे. तुम्हीसुद्धा."

"मी तर शिंकलोही नाही हो."

"म्हणूनच कुणी अडवलं नाही तुम्हाला. काहींना या रोगात काही होत नाही. ते नुसते वाटत हिंडतात."

मामांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. गारेगार होतं. आजवर त्यांनी चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती, आणि चोर खुर्चीत बसला होता.

नर्सबाईंनी लागण झालेल्या सगळ्यांना मोठ्या खोलीत ठेवलं, खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या आणि दाराची खुर्ची ढासूला दिली. सत्ता आली, पण गप्पा पुन्हा हुकल्या. म्हणून ढासूने खुर्ची उचलून अंगणात नेली, खिडक्यांपासून चांगली लांब, आणि तिथूनच फड जमवला. आतून टाळीसाठी हात पुढे झाला.

"मामा, हात आत घ्या."

मामांनी मुकाट्याने घेतला.

सगळे बरे झाले तशी ढासूची खाट मोठ्या खोलीत आली, खिडकीशी. मामा दाराशी परतले, शेजारी साबण आणि बादली घेऊन. थर्मामीटर ते अजून उलटा धरतात. ढासू खोकला की नवा माणूस दचकतो, तेव्हा मामा शांतपणे सांगतात, "तो धंद्याचा आहे. त्याच्याशेजारी खुशाल झोप. माझ्यापासून जरा लांब उभा राहा."