सहा कोपऱ्यांचा घास

खोटं बोलत असेन तर माझी शिलाई मशीन गंजून जावो! पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे एक गोष्ट सोडून.

पेणमधल्या माझ्या टेलरिंगच्या दुकानात चिंध्या आणि किस्से सारख्याच वेगानं साठतात. चिंध्यांना निदान गिऱ्हाईक तरी आहे! रविवारी तिथं आमचा कंपू जमतो: गणिताचे निवृत्त मास्तर वामनसर, धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून लॅपटॉपवर नक्षी काढणारा संदीप आणि भातशेती सांभाळून गोधड्या शिवणाऱ्या कासू गावच्या जनाकाकी.

रोह्याच्या प्रदर्शनासाठी षटकोनी तुकडे जोडून षटकोनी गोधडी करायची ठरली. काकींची अट एकच. "कार्डावर माजं नाव पायजे. चाळीस वर्सं लोक माज्या गोधड्या पांघरतात, पन शिवली कुनी ते कुनाला ठाव नाय."

*

पहिल्या दिवशी सर कंपास, कोनमापक घेऊन बसले. अर्धा तास नुसतं खोडरबर चाललं. काकींनी ताट ठेवून कागदाचा गोल कापला, अर्धा दुमडला, मग त्याच्या तीन घड्या घातल्या आणि कडेला सरळ कातर मारली. उघडला तर षटकोन!

सरांनी सहाही कोन मोजले. "जनाबाई, याची सिद्धता?"

"ती नाय माज्याकडं. कातर हाय."

*

मग संदीपनं कॉम्प्युटरवरून साचा छापून आणला. प्रिंटरनं तो कागदात बसवायला चेपला होता. शंभर तुकडे कापून झाल्यावर कळलं, तुकडा जरा फिरवला की एकाला एक जुळेना!

काकींनी एक तुकडा उजेडात धरला. "वडखळच्या खड्ड्यांतनं आणलास व्हय रं? पार दबलाय!"

"काकी, स्क्रीनवर बरोबर दिसतंय."

"मग पांघर तुजी स्क्रीन!"

*

निळं कापड कमी पडलं. सरांनी हाताला आलं ते कापलं. तो होता एका गिऱ्हाइकाचा पँटपीस!

सर शांतपणे म्हणाले, "क्षेत्रफळ फक्त अकरा टक्के घटलंय."

गिऱ्हाईक म्हणालं, "मग पाय अकरा टक्के छाटू काय?"

*

गोधडीच्या कडा शिवून बंद करण्याआधी काकी एका कोपऱ्यात चपाती-गुळाचा घास शिवतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून.

सर कळवळले. "एकाच कोपऱ्यात? अहो, सिमेट्री बिघडते! सहाही बाजू जुळल्या नाहीत तर प्रदर्शनातून बाद, असा नियमच आहे."

काकींनी कपाळाला हात लावला आणि सहाही कोपऱ्यांत घास भरला. गूळ जरा सढळच.

*

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी हॉल उघडला तर गोधडीला मुंग्या! प्रत्येक कोपऱ्यातून शिवणीवरून सरळ मधोमध, अशा सहा काळ्या रांगा. झटकल्या तरी पुन्हा रांगेत. तेवढ्यात परीक्षकबाई दारात. काकींचा चेहरा उतरला. "गेलं गो बाय माजं नाव."

बाई दुरूनच थबकल्या. चष्मा घरी विसरल्या होत्या. "वा! या काळ्या रेषांनी काय उठाव आलाय! सहाही अगदी सारख्या! कुठलं सॉफ्टवेअर?"

संदीपनं काकींकडे बोट दाखवलं. सर छताकडे बघू लागले.

"गूळ," काकी म्हणाल्या.

बाईंनी ते लिहूनही घेतलं! आणि कार्डावर ठळक अक्षरांत नाव आलं: जनाबाई, कासू. काकींनी ते कार्ड पदरानं दोनदा पुसलं.

आता ती खोटी गोष्ट. मुंग्या पाचच कोपऱ्यांना लागल्या होत्या. नियम सहाही बाजू जुळण्याचा, म्हणून सहावी रांग मी बाई दारात यायच्या आधी काळ्या दोऱ्यानं शिवली.