सासऱ्यांचं वजन

घरातल्या सुनेला सगळे रंधा म्हणायचे. इंटरनेटवरची पानं बनवणं हा तिचा धंदा आणि त्यांतलं फालतू ते तासून काढणं हा छंद. नाव दिरानं ठेवलं होतं, कारण तिचा डोळा त्यानंच बनवलेल्या पानावर होता.

पान सासऱ्यांच्या सोफा दुरुस्तीच्या दुकानाचं. दिरानं कुठूनसा तयार साचा आणून त्यात हौस भागवून घेतली होती: गिरक्या घेणारा सोफा, आपोआप वाजणारी बासरी, वरून पडणारी फुलं आणि पडदाभर फोटोत सासरे, मिशीला पीळ देऊन बसलेले. पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे निघून जायचं. असल्या रेंगाळणाऱ्या पानाला शोधातही खालचीच जागा मिळते. "सोफा दुरुस्ती" शोधलं की आधी बाकीची दुकानं, मग मालक वारल्यामुळे बंद पडलेलं एक, आणि त्याच्याही खाली हे.

"मेलेल्या माणसाच्या मागे आहोत आपण," रंधा म्हणाली.

"रांगेनंच जायचं असतं, वहिनी," दीर म्हणाला.

सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं: महिनाअखेरपर्यंत काम आलं नाही, तर दुकान भाड्यानं द्यायचं. म्हणजे दुकानातल्या कोपऱ्यातलं रंधाचं टेबलही जाणार, आणि तिनं काम करायचं ते स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या देखरेखीखाली. तिनं मैत्रिणीला फोन लावला.

"सगळं अडलंय ते सासऱ्यांच्या वजनामुळे गं. त्यांना काढलं की मोकळं होईल."

दाराशी सासूबाई उभ्या होत्या.

दुपारी सासऱ्यांनी ताट बाजूला सारलं. "सुनेला मी जड झालो," ते भिंतीला म्हणाले.

"तुम्ही नाही हो बाबा, पानावरचा तुमचा फोटो! तो जड आहे, म्हणून पान उघडत नाही." रंधानं आपला फोन त्यांच्या हातात दिला. "समजा, तुम्ही गिऱ्हाईक आहात. सोफ्याचा पाय मोडलाय, पाहुणे दारात आहेत. उघडा पान."

बासरी सुरू झाली. सासरे वरून पट्ट्यापट्ट्यांनी उतरू लागले: टक्कल, कपाळ, एक भुवई. मग सगळंच थांबलं.

"पुढे?"

"येताय तुम्ही."

"अजून मिशीसुद्धा आली नाही!" त्यांनी फोन परत केला. "हा माणूस दुकान बुडवणार. काढ त्याला."

"अहो, तुम्हीच आहात तो," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणून तर सांगतोय. चांगला ओळखतो मी त्याला."

रंधानं नवा साचा घेतला, अगदी हडकुळा. त्यात काय काय दुरुस्त होतं ते, पत्ता, फोन आणि नीट केलेल्या सोफ्यांचे छोटे फोटो, बस्स. "आसनसौख्य हेच आमुचे ध्येय" हे दिराचं वाक्य खोडून तिनं सरळ "सोफा दुरुस्ती" लिहिलं. आसनसौख्य मोडलं म्हणून कुणी शोधायला बसत नाही.

दीर कळवळला. "वहिनी, पान नागडं दिसतंय!"

"असू दे. पळतंय तर खरं."

पान हळूहळू वर सरकलं. मेलेल्या माणसाला मागे टाकलं तेव्हा सासूबाई थोड्या हळहळल्या.

महिनाअखेरीला भाडेकरू जागा बघायला आला, तर दारातच तीन सोफे पाय वर करून पडलेले. सासऱ्यांच्या तोंडात खिळे होते, त्यामुळे नाही म्हणता येईना. त्यांनी हातोडीनंच त्याला रस्ता दाखवला.