तात्यांची किल्ली

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले तात्या एकटेच राहत. जुन्या लॅपटॉपवर त्यांनी स्वतः लिनक्स बसवलं होतं, पण वायफाय चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅमवर लॅपटॉपच्या ओळखीची डिजिटल सही नव्हती, म्हणून अनोळखी प्रोग्रॅम अडवणारं सिक्युअर बूट बंद ठेवावं लागलं. एवढी वर्षं लोकांच्या लाइनी दुरुस्त केलेल्या माणसाला हे अर्धवट काम डाचत होतं.

एका दुपारी त्यांनी सही करायची स्वतःची डिजिटल किल्ली तयार केली, तिनं ड्रायव्हरवर सही केली, लॅपटॉपनं ती किल्ली मान्य करावी म्हणून एक पासवर्ड ठरवला आणि लेकीला फोन लावून आता लॅपटॉप सुरक्षित होईल असं सांगितलं.

"बाबा, तुमच्या लॅपटॉपला हात लावायला घरात आहे कोण?" ती हसली. "ठेवते हं, मीटिंग आहे."

"तेही खरंच," तात्या म्हणाले, पण फोन कट झाला होता.

त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग लॅपटॉप पुन्हा सुरू करून सिक्युअर बूट चालू केलं. निळ्या पडद्यावर लॅपटॉपनं नव्या किल्लीचा पासवर्ड मागितला. मघाशी ठरवलेला पासवर्ड त्यांनी एकेक अक्षर बघून टाकला. लॅपटॉप सुरू झाला, वायफायही लागलं.

"जमलं बरं का!" ते मोठ्यानं म्हणाले. आत फ्रिज घरघरत होता.

लेकीला कळवायला त्यांनी मेसेज लिहिला, पण न पाठवताच पुसला. मग लॅपटॉप बंद केला आणि तो पुन्हा नीट सुरू होताना शांतपणे पाहिला.