तुझ्या हातची म्हणून सांग

दुपारपासून कशातच मन लागेना, म्हणून तुम्हालाच विचारते.

शेंद्र्याच्या चौकात आमच्या बचत गटाचं स्वस्त जेवणाचं केंद्र आहे. कंपन्यांत काम शोधत फिरणाऱ्यांना आम्ही गरम ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी देतो.

आज एक माणूस लहान लेकीला घेऊन आला. दोघं कालपासून उपाशी. ताट हातात घेऊन त्यानं विचारलं, "ताई, भाकऱ्या कोण करतं?"

"सुमनमावशी. बुद्धविहारामागं राहतात," मी सहज बोलून गेले.

त्यानं ताट तसंच खाली ठेवलं. "आमच्यात नाय चालत," म्हणाला आणि लेकीला ओढत निघाला. पोरगी मागं वळून ताटाकडंच बघत होती.

तव्यापुढं बसलेल्या मावशींनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी भाकरी-भाजी कागदात बांधली आणि माझ्या हातात दिली. "पळ, लेकराला दे. तुझ्या हातची म्हणून सांग."

मी तसंच सांगितलं. बापानं पुडी घेऊन लेकीच्या हातात दिली. पोरीनं रस्त्याच्या कडेला बसून शेवटचा तुकडाही संपवला. म्हणाली, "ताई, तू लई भारी करतीस भाकरी."

परत आले, तर मावशींनी विचारलं, "काय म्हणलं गं लेकरू?"

तुम्ही काय सांगितलं असतं?