धीरजची हलकी चाकं

आमच्या माहेरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला चाक बघावं लागतं. माझा धाकटा भाऊ धीरज त्याला अंगणात नेतो. तिथे मोटारसायकल उभी असते, इंजिनखाली लाकडी ठोकळा लावलेला आणि पुढचं चाक अधांतरी. धीरज ते हाताने जोरात फिरवतो आणि छातीवर हात बांधून बाजूला होतो. चाक फिरत राहतं. पाहुणा बिचारा आधी चाकाकडे बघतो, मग धीरजकडे, मग घराच्या दाराकडे, चहा येतोय का ते.

"पाहा, थांबतच नाई," धीरज म्हणतो.

मला त्या चाकाचा मनापासून राग आहे. चाक निर्जीव आहे, त्याचा काय दोष, असं मला समजावू नका. रागवायला माणूसही आहे माझ्याकडे, त्याच्यावरही येणार आहे.

हिंगणघाटात आमचं सरकी-ढेपेचं दुकान आहे. जनावरांचं खाद्य. गोदामाची मागची भिंत कापसाच्या जिनिंगला लागून आहे, त्यामुळे दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे रुई उडत असते. पोत्यांवर रुई, चहाच्या कपात रुई, वजनकाट्यावर रुई. बाबूजी, म्हणजे आमचे वडील ताराचंद, दुपारी दुकानातून जेवायला आले की आई आधी त्यांच्या भुवया पुसायची. या दुकानात धीरज बसतो. बसतो एवढंच. पोती हमाल उचलतात, गिऱ्हाईक आई सांभाळते, आणि हा मोबाइलवर परदेशातल्या माणसांच्या गाड्या बघतो.

माझं सासर गावातच आहे, तीन गल्ल्या सोडून, त्यामुळे यातलं काही ऐकीव नाही.

बाबूजींची गाडी जुनी होती. दरवर्षी माघातल्या चतुर्थीला ते आईला त्या गाडीवर केळझरच्या गणपतीला न्यायचे. जाम गावापर्यंत हायवे, पुढे आतला रस्ता. आई मागे बसायची, मांडीवर नारळ आणि पुऱ्यांचा डबा. दर्शन झालं की परतताना एका चिंचेखाली थांबून दोघं जेवायची. दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, आम्ही पोरं नाही. आईच्या वाट्याला वर्षातून तेवढा एक दिवस यायचा आणि ती तो वर्षभर पुरवायची. पोळ्या लाटताना मध्येच म्हणायची, "अवंदा चिंचेखाली लय सावली होती."

बाबूजी गेले. तेराव्याला सगळ्या नातेवाइकांसमोर धीरज म्हणाला, "आई, आता केळझरले तुले मी नेत जाईन." बायका रडल्या. मावशीने त्याची अलाबला घेतली. मीही त्या दिवशी त्याला चांगला म्हटलं. पहिल्या वर्षी त्याने स्वतःच्या गाडीवर नेलंही. चिंचेखाली मात्र थांबला नाही, जामला त्याचे मित्र वाट बघत होते.

मग चाकांचं खूळ आलं.

नागपूरहून खोकी आली. दोन हलकी चाकं आणि एका डबीत सिरॅमिकचे बेअरिंग. मी विचारलं, "काऊन बदलून राह्यला? जुने मोडले काय?"

"ताई, तुले नाई समजत. चाक जड असलं का गाडीची ताकद त्याले फिरवण्यातच जाते. वळवाले जड, थांबवाले जड."

"अन् बेअरिंग?"

"त्यातल्या गोळ्या चिनी मातीवानी असतात. घासत नाई, तापत नाई, गंजत नाई. जिंदगीभर पाहा लागत नाई."

आता त्याचं जेवढं खरं आहे तेवढं मी मानते. हलक्या चाकांनी गाडी वळणावर पटकन वळते, खड्ड्यात चाक कमी आपटतं. शर्यतीच्या मैदानावर फेऱ्या मारणाऱ्याला त्याचं मोल असेल. पण आमचा धीरज घरून गोदामात जातो आणि गोदामातून घरी. रविवारी जाम. त्या सरळसोट हायवेवर वळण कुठलं, तर चहाच्या टपरीकडे गाडी घ्यायची तेवढं. आणि बेअरिंगचं म्हणाल, तर डबीवरच लिहिलं होतं की गोळ्या सिरॅमिकच्या आणि कड्या पोलादाच्या. मी वाचलं. त्याने वाचलं नव्हतं. बाबूजींच्या गाडीलाही बेअरिंग होतेच की. इतकी वर्षं ते इतके गुमान चालले, की त्यांचं नाव आमच्या घरात कधी कोणी काढलं नाही. जी वस्तू कधी आठवतही नाही ती बदलायची कशाला, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

दोन्ही चाकं मिळून गाडी तीन किलोंनी हलकी झाली. हे तो प्रत्येकाला सांगायचा, तर्री-पोह्याची दुसरी प्लेट हातात घेऊन. त्याच्या पोटाकडे बघून मी गप्प बसायचे.

जामच्या टपरीवर पोट्ट्यांची पैज लागते. दोघांनी गाडीची मागची सीट दाबायची, पुढचं चाक वर उचलायचं आणि फिरवायचं. ज्याचं जास्त वेळ फिरेल तो जिंकला. अंगावर भार नसलेलं चाक हवेत किती गरगरतं त्यावरून ते रस्त्यावर कसं पळेल हे ठरवणारी ही विद्वान मंडळी. आणि एवढं सगळं बसवूनही धीरज हरला. बेअरिंगला बाहेरून रबरी झाकण असतं, धूळपाणी आत जाऊ नये म्हणून. ते थोडं घासतं. टपरीशेजारी ऋतिक नावाच्या पोराचं गाडीदुरुस्तीचं दुकान आहे. त्याला काहीही विचारा, तो "होऊन जाते, भौ" म्हणतो. धीरजने झाकणं काढायला सांगितली, त्याने काढली. आतलं ग्रीस धुवून पातळ तेल घालायला सांगितलं, तो हो म्हणाला.

ते पातळ तेल मागायला धीरज माझ्याकडेच आला. शिलाई मशीनचं तेल. मी तेव्हा मशीनवर बसून आईचं पोलकं आत घेत होते. बाबूजी गेल्यापासून दुसऱ्यांदा. आई समोर नुसती लुगड्यात बसली होती, गळ्याची हाडं दिसत होती. धीरजने फडताळावरची कुपी उचलली, "रविवारी पाह्यजो, कोणाचं चाक थांबत नाई ते," असं मला म्हणाला आणि गेला. त्याने आईकडे बघितलंही नाही.

पुढच्या रविवारी तो जिंकला. बाकीचे दिवस गाडी गोदामाच्या दारात, उघड्या बेअरिंगसकट, उडणाऱ्या रुईत उभी होती. आमच्या घरात जन्मून, भुवयांवर रुई घेऊन जेवायला येणाऱ्या बापाच्या पोटी येऊन, त्याला हे सुचू नये!

माघातली चतुर्थी आली. आदल्या संध्याकाळी आईने पुऱ्यांचं पीठ मळायला घेतलं, तेव्हा हा म्हणतो, "आई, तू उद्या बसनं जाय. या चाकांवर डबल सीट नाई जमत. आतला रस्ता खराब आहे, रिम वाकंल."

आईचा हात पिठात थांबला. "तू म्हणला होता," एवढंच ती म्हणाली.

मी तिथेच होते. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, शेजारच्या शकुबाईंनी ऐकलं आहे, त्यांना विचारा. शेवटी तो तोंड वाकडं करून तयार झाला. माझा भरवसा नव्हता म्हणून सकाळी मी माझी स्कूटर काढली आणि मागे निघाले.

आई नारळ आणि डबा मांडीवर घेऊन त्याच्या मागे बसली. हायवेला लागल्यावर चाकातून आवाज यायला लागला, जात्यात खडा आल्यासारखा. जाम जवळ आलं तसं हँडल थरथरताना मला मागून दिसलं. मी हॉर्न वाजवून वाजवून त्याला थांबवलं. तो थांबला तोही नेमका टपरीसमोर. पोट्टे जमले. ऋतिकने चाक काढलं. आतून तेलात भिजलेली काळी रुई निघाली, दिव्याच्या जुन्या वातीसारखी, आणि पोलादाची कडी गंजून चिरलेली.

सगळे धीरजकडे बघत होते. त्याचे कान लाल झाले. मग तो मोठ्याने म्हणाला, "डबल लोड झाला ना. मी कालच सांगतलं होतं आईले. तिचं वजन नाई झेपत या चाकाले."

पोट्टे आईकडे बघायला लागले. आईने नारळावर पदर ओढला.

"बाबूजीच्या गाडीवर आई यायची, डबा यायचा, एरवी ढेपेचं पोतंही यायचं," मी म्हटलं. "लाज नाई वाटत बे तुले?"

"ती गाडी वेगळी होती, ताई."

"माणूस वेगळा होता," मी म्हटलं आणि आईला स्कूटरवर बसवलं. निघताना मागे बघितलं तर हा ऋतिकला विचारत होता, नवीन बेअरिंग किती दिवसांत येतील.

आम्ही आतल्या रस्त्याला लागलो. तसा आईने माझ्या खांद्याला हात लावला.

"सपना, गाडी बरोबर चालून राह्यली ना वं?"

"हो आई."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाली, "मी जड तं नाई होत? सांगजो. मी उतरून पायी येतो चढावर."

समोर खड्डा आला म्हणून मी करकचून ब्रेक मारला. मागे माणूस असलं की ब्रेक मारताना त्याचा भार आपल्या पाठीवर येतो, हे गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. माझ्या पाठीला काहीच लागलं नाही. आई मागे आहे ना, हे बघायला मला मान वळवावी लागली. ती होती, नारळ मांडीवर धरून बसली होती.